अँजिओटेन्सिन मेंदूत शिरत नाही, मग मेंदू बीपी वाढवतो कसा?

कांडी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी फिजिऑलॉजी शिकवते. गेल्या आठवड्यात रक्तदाबाचा पाठ चालू होता. फळ्यावर नेहमीची साखळी काढली: मूत्रपिंडातून रेनिन, त्यातून पुढं अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक (हार्मोन), रक्तवाहिन्या आवळल्या, अल्डोस्टेरॉननं मीठ राखून धरलं, दाब चढला. अक्कलकोटहून एसटीनं येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. "मॅडम, मागच्या महिन्यात तुम्हीच सांगितलं की रक्तातलं सगळं मेंदूत जात नाही, मधे अडथळा असतो. मग अँजिओटेन्सिननं तहान लागते हे मेंदूला कळतं कुठून?"

"काही जागा उघड्या असतात" एवढं सांगून मी पुढं सरकले. तास संपला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. एवढ्या चांगल्या प्रश्नाला एका वाक्यात वाटेला लावणं बरोबर नव्हतं. तिला द्यायचं उत्तर आधी इथं मांडते. आपल्याकडं प्रत्येक घरात फ्रीजवर बीपीच्या गोळ्यांची पट्टी असते, त्यामुळं ते फक्त तिच्या कामाचं नाही.

आधी अडथळा. अंगातल्या बाकीच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतून लहानसहान रेणू पाझरतात. मेंदूत मात्र त्या भिंतीच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. १९१३ साली एडविन गोल्डमन यांनी ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग जनावराच्या रक्तात सोडला. सगळं अंग निळं झालं, मेंदू आणि मज्जारज्जू पांढरेच राहिले. तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तर मेंदू निळा झाला. मेंदूला रंग लागत होता, रक्ताकडून यायची वाट तेवढी बंद होती. अँजिओटेन्सिन-२, म्हणजे साखळीतलं प्रत्यक्ष काम करणारं अँजिओटेन्सिन, ही आठ अमिनो आम्लांची छोटी माळ. तिलाही या वाटेनं प्रवेश नाही.

पण नंतरच्या तशाच प्रयोगांत मेंदूतले दोन-तीन बारीक ठिपके रंग घेताना दिसले. किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा असतो, तशा या जागा. एक सबफॉर्निकल ऑर्गन, मेंदूच्या मधल्या पोकळीच्या छताला टेकलेली. दुसरी त्याच पोकळीच्या पुढच्या भिंतीत, तिचं नाव लांबलचक आहे, ओव्हीएलटी म्हणतात. तिसरी एरिया पोस्ट्रेमा, खाली मानेच्या बाजूला, चौथ्या पोकळीच्या तळाशी. इथल्या केशवाहिन्यांना खरोखरच छिद्रं असतात. रक्तातलं संप्रेरक तिथल्या चेतापेशींना थेट भिडतं. ते दारातच थांबतं, निरोप मात्र चेतातंतूंवरून आत जातो.

हे नुसतं तर्कानं ठरलेलं नाही. १९६१ मध्ये बिकर्टन आणि बकली यांनी एका कुत्र्याच्या डोक्याचं रक्ताभिसरण धडापासून तोडलं. डोक्याला रक्त दुसऱ्या कुत्र्याकडून मिळत होतं, धडाशी नातं राहिलं ते फक्त मज्जातंतूंचं. डोक्याच्या रक्तात अँजिओटेन्सिन सोडलं आणि धडातला दाब चढला. औषध धडापर्यंत पोचलेलंच नव्हतं, पोचला होता तो मेंदूचा हुकूम. १९७० मध्ये एपस्टाइन, फिट्झसिमन्स आणि रोल्स यांनी पोटभर पाणी प्यालेल्या उंदरांच्या मेंदूत हेच द्रव्य सोडलं तर ते पुन्हा पाण्यावर तुटून पडले. आणि १९७३ मध्ये सिम्पसन आणि राउटेनबर्ग यांनी सबफॉर्निकल ऑर्गनवर बोट ठेवलं. ती जागा काढून टाकली की उंदीर अँजिओटेन्सिन देऊनही पाण्याकडं वळत नाहीत.

तिथून पुढची वाट हायपोथॅलॅमसकडं, मेंदूच्या तळाशी असलेल्या नियंत्रण केंद्राकडं जाते. तिथून एक हुकूम व्हॅसोप्रेसिन सोडायचा, म्हणजे लघवीवाटे जाणारं पाणी अडवायचं. दुसरा हुकूम खाली मेंदूच्या देठातून मज्जारज्जूकडं, तिथून सिम्पथेटिक नसा हृदयाला, वाहिन्यांना आणि पुन्हा मूत्रपिंडाला डिवचतात. मूत्रपिंड डिवचलं की आणखी रेनिन. वर्तुळ पूर्ण.

चुकलं असेल तिथं सांगा. तलावकाठ डॉक्टर, तुमची वाट बघते.

निवांत_वाचक

सुंदर लिहिलंय. वाचतोय.

शेंगाचटणी

ताई, एक अडतंय. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत ताण मोजणारे सेन्सर असतात ना? दाब चढला की ते मेंदूला सांगतात आणि मेंदू हृदय हळू करतो. मग अँजिओटेन्सिननं दाब चढवला तर हे सेन्सर तो लगेच खाली का आणत नाहीत?

कांडी

@शेंगाचटणी, तुम्ही नेमका मर्मावर हात ठेवलात. इथं एरिया पोस्ट्रेमा येतो.

मानेतल्या आणि महाधमनीच्या सेन्सरचा निरोप मेंदूच्या देठात ज्या केंद्रावर पोचतो, त्याच्या अगदी शेजारी, भिंतीला भिंत लावून एरिया पोस्ट्रेमा आहे. तिथं अँजिओटेन्सिन लागलं की शेजारच्या केंद्राचं ऐकणं मंदावतं. सेन्सर ओरडतो, पण कान पूर्वीसारखा ऐकत नाही. दाब चढवणारं दुसरं एखादं औषध द्या, फिनिलेफ्रिन समजा, हृदयाचे ठोके लगेच चांगले खाली येतात. तेवढाच दाब अँजिओटेन्सिननं चढवला तर ठोके तेवढे उतरत नाहीत. उंदरांचा एरिया पोस्ट्रेमा काढून टाकला तर थोड्या थोड्या मात्रेनं बरेच दिवस दिलेल्या अँजिओटेन्सिननं दाब तितका चढत नाही.

मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढले. घरात चार माग होते आणि शाळेतून आल्यावर कांड्या भरायचं काम माझ्याकडं असायचं. मागाच्या मागच्या बाजूला बीम असतो, त्यावर ताणा गुंडाळलेला. बीमाला साखळी आणि साखळीला वजन टांगलेलं. त्या वजनावर सुताचा ताण ठरतो. सूत ढिलं पडलं की वजन ओढतं, जास्त ताणलं की बीम थोडा फिरून सूत सोडतो. आता कुणी येऊन आणखी एक वजन अडकवलं, तर माग तसाच इमानानं चालतो, फक्त जास्त ताणावर. बिघडलं काहीच नाही, ठरलेला ताण बदललाय. जुन्या बीपीत मेंदूचं तसंच होतं. सेन्सर चालू आहेत, पण मेंदू १५०-१६० लाच बरोबर मानून तोच सांभाळत बसतो. माझ्या वडिलांना गोळ्या सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस १३० वर गळून गेल्यासारखं व्हायचं ते त्यामुळंच, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

तलावकाठ

उशिरा आलो, ओपीडी होती. कांडीताई, मांडणी पक्की आहे. दोन भर घालतो.

एक, सगळी संप्रेरकं या दारांतून एकाच दिशेला ढकलत नाहीत. व्हॅसोप्रेसिन वाहिन्या आवळणारं जबरदस्त द्रव्य आहे, तरी धडधाकट माणसात त्यानं दाब फारसा चढत नाही. कारण ते त्याच एरिया पोस्ट्रेमाच्या वाटेनं सेन्सरचं ऐकणं वाढवतं. अँजिओटेन्सिन कान बंद करतं, व्हॅसोप्रेसिन उघडतं. जागा तीच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून सुटणारं एएनपी, जे १९८१ मध्ये दि बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयात शोधलं, तेही उलट बाजूनं काम करतं: पाणी-मीठ बाहेर टाका, तहान आवरा.

दोन, औषधांचं. पेशंट विचारतात, डॉक्टर, ही गोळी डोक्यात जाते का? एसीई (अँजिओटेन्सिन-२ बनवणारं विकर) रोखणाऱ्या गोळ्या, कॅप्टोप्रिल त्यातली पहिली, १९८१ पासून वापरात, अँजिओटेन्सिन-२ बनणंच कमी करतात. सार्टन गोळ्या, लोसार्टन १९९५ ची, त्याची बसायची जागा अडवतात. आणि ही दारं अडथळ्याच्या बाहेरच असल्यामुळं तिथल्या जागा अडवायला गोळीला मेंदूत खोलवर शिरावं लागत नाही. रक्तात असली की पुरे.

कॅप्टोप्रिलची सुरुवात ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषापासून झाली. ते विष अंगात गेलं की माणसाचा दाब कोसळतो. सर्जिओ फेरेइरा यांनी त्यातले घटक वेगळे काढले आणि त्या धाग्यावरून पुढं गोळी तयार झाली.

पूर्व_भाग

सापाचा विषय निघालाच आहे तर सर्पगंधा आठवली. आमच्या आजोबांना कुणी वैद्य तिची मुळी द्यायचे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला आणि जगभर ती बीपीवर वापरायला लागले असं वाचलंय. तीही याच दारांतून काम करते का?

तलावकाठ

@पूर्व_भाग, वकीलांबद्दल बरोबर. पण सर्पगंधेतलं रेसरपिन वेगळ्या तऱ्हेनं चालतं. ते अडथळा ओलांडून आत जातं आणि मज्जातंतूंच्या टोकांत साठवलेली नॉरअॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रिकामी करतं. सिम्पथेटिक नसांकडं सोडायला काही उरतच नाही. त्याची किंमत म्हणून काही जण खोल उदासीत जायचे, म्हणून आता मागं पडलंय. कृपा करून कुणी मुळी उकळून घेऊ नका.

जुळे_सोलापूरकर

माझा प्रश्न मिठाचा. आपल्याकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी, लोणचं, पापड, जेवणात मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते. पण मी असंही वाचलंय की मीठ जास्त खाल्लं की रेनिन कमी होतं. रेनिन कमी म्हणजे अँजिओटेन्सिन कमी, म्हणजे बीपी कमी व्हायला पाहिजे की! मग मीठ सोडा असं का सांगतात?

कांडी

हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता.

मीठ खाल्लं की रक्तातला खारटपणा थोडा वाढतो. तो ओळखतं ओव्हीएलटी आणि सबफॉर्निकल ऑर्गन, म्हणजे हीच दारं. लगेच तहान आणि व्हॅसोप्रेसिन. चटणीभाकरीनंतर दोन तांबे पाणी जातं ते त्यामुळं. पाणी आलं, रक्ताचं आकारमान वाढलं, मूत्रपिंडानं ओळखलं की आता रेनिनची गरज नाही. तुम्ही म्हणता तसंच, रेनिन खाली येतं आणि जादा मीठ बाहेर जातं. ज्यांचं हे नीट चालतं त्यांचा दाब मिठानं फारसा हलत नाही.

काही जणांत मात्र अँजिओटेन्सिन पुरेसं उतरतच नाही. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं ते असं की खारं खाणं चालू असताना तेवढंच थोडं अँजिओटेन्सिन जास्त दाब चढवतं, आणि त्यात सिम्पथेटिक नसांचा वाटा मोठा असतो. एकट्या मिठानं जे होत नाही, एकट्या त्या मात्रेनं जे होत नाही, ते दोन्ही मिळून होतं. मीठ जणू दारावरच्या पहारेकऱ्याला आधीच जागं करून ठेवतं. माणसांत कुणाला किती लागू पडतं हे घरी ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच मीठ कमी करा सांगतात. माझं मत विचाराल तर भाकरी सोडू नका. पीठ मळताना मीठ घालू नका आणि चटणी चमच्यानं मोजून घ्या. आमच्या घरी तेवढ्यानं जमलं.

विडीकामगाराची_लेक

माझ्या आईची पाळी गेल्यावर वर्षभरात बीपी निघालं. त्याआधी ११०-७० असायचं. आठ-आठ तास सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, खाण्यात बदल काही नाही. हेही संप्रेरकांचंच का?

तलावकाठ

@विडीकामगाराची_लेक, मोठा भाग असू शकतो. इस्ट्रोजेन चरबीत विरघळणारं आहे, त्याला अडथळा लागत नाही, ते थेट मेंदूत जातं. शिवाय सबफॉर्निकल ऑर्गनमध्येही त्याला बसायला जागा आहे. मादी उंदरांत मेंदूतलं इस्ट्रोजेन अँजिओटेन्सिनचा जोर कमी करतं असं दिसलंय. म्हणून पाळी चालू असेपर्यंत बायकांचं बीपी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा साधारण कमी राहतं आणि नंतर ती ढाल जाते. वय, बैठं काम, तंबाखूची धूळ, वजन हे सगळंही मोजायचं. पण म्हणून बीपीसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या देत नाहीत. आईला नेहमीच्याच औषधांनी गुण येईल. वजन वाढलंय का?

विडीकामगाराची_लेक

हो सर, दोन वर्षांत नऊ किलो.

तलावकाठ

मग लेप्टिनही बघायला हवं. १९९४ मध्ये फ्रीडमन यांच्या गटानं शोधलेलं, चरबीच्या पेशींतून सुटणारं संप्रेरक. मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे, खाणं आवर. वजन वाढलं की लेप्टिन वाढतं, पण भुकेचं केंद्र त्याचं ऐकेनासं होतं. सिम्पथेटिक नसांकडं जाणारा त्याचा हुकूम मात्र चालूच राहतो. भूक आवरत नाही आणि दाब चढतो, दोन्हीकडून नुकसान. जन्मतः लेप्टिनच नसलेले उंदीर आणि तशी मोजकी माणसं अतोनात लठ्ठ असूनही त्यांचा दाब चढलेला नसतो. त्यावरून या संप्रेरकाचा वाटा कळला. आईचं चार-पाच किलो वजन उतरलं तरी फरक दिसेल.

अशोक_चौक

मी दोन दिवस धागा वाचतोय, आता लिहितो. वडील ६८ वर्षांचे, अजून पॉवरलूमवर जातात. टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारी गोळी अशी जोडगोळी सहा वर्षं चालू आहे. मे महिन्यात पारा ४२-४३, वर पत्रा, आत मागांची धग. गेल्या आठवड्यात धोटा अडकला म्हणून वाकले आणि उठताना बीमाला धरून खालीच बसले. डोळ्यांपुढं अंधारी. तेव्हापासून त्यांनी गोळीच सोडली. म्हणतात, "गोळीनंच चक्कर येतीय, मला बीपी नाही आता." गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक मात्र रोज घेतात, मेडिकलमधून आणून. काय करू?

कांडी

@अशोक_चौक दादा, आज संध्याकाळीच डॉक्टरकडं न्या. का ते सांगते, म्हणजे बाबांना समजावता येईल.

घामानं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, अँजिओटेन्सिन वाढतं, वाहिन्या आवळून आणि तहान लावून दाब सावरला जातो. निसर्गाची ही तजवीज आहे. बाबांची टेल्मिसार्टन नेमकी तीच अडवते, आणि दुसरी गोळी आणखी मीठ-पाणी बाहेर काढते. हिवाळ्यात बरोबर बसणारी मात्रा मेमध्ये पत्र्याखाली जास्त होऊ शकते. म्हणजे बाबांना जाणवलं ते खरं आहे, त्यांना खोटं पाडू नका. उपाय मात्र गोळी सोडणं नाही, मात्रा तपासून घेणं आहे.

तलावकाठ

सहमत. आणि ती डायक्लोफिनॅक मला जास्त काळजीची वाटते. सार्टन, पाणी काढणारी गोळी आणि असली वेदनाशामक, तिन्ही एकत्र आली आणि वरून अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंड एकदम मार खातं. शिवाय ती एकटीही बीपी वाढवते. डॉक्टरांना ती आवर्जून सांगा, पेशंट सांगायचं विसरतात. झोपवून आणि मग उभं करून, दोन्ही वेळा बीपी घ्यायला सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा.

पूर्व_भाग

@अशोक_चौक, आमच्या कारखान्यातही दोघांना असंच झालं उन्हाळ्यात. तुमच्या बाबांना सांगा, ते एकटे नाहीत.

शेंगाचटणी

कांडीताई, त्या अक्कलकोटच्या मुलीला उत्तर दिलंत का?

कांडी

आज दिलं. फळ्यावर तट काढला, तीन दिंड्या काढल्या. तिनं लगेच पुढचं विचारलं: एरिया पोस्ट्रेमा तर उलटीचंही केंद्र आहे असं पुस्तकात आहे, मग तिथं बीपीचं काम कसं? मी म्हटलं, रक्तात विष आलं की पहिलं तिथंच कळतं, कारण दार उघडं आहे. ज्या दारातून विषाची खबर येते त्याच दारातून संप्रेरकांचीही. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी तोवर वह्या उघडल्या होत्या.

अशोक_चौक

बाबांना नेलं. झोपून १४८/९०, उभं केल्यावर ११८/७६. डॉक्टरांनी पाणी काढणारी गोळी उन्हाळ्यापुरती काढली, टेल्मिसार्टन एकटी ठेवली, डायक्लोफिनॅक बंद करून गुडघ्याला लावायचं मलम दिलं. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, क्रिएटिनिन किंचित वर आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाले.

मी बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, बीमाच्या वजनाचं दोनदा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मला तहान लागतच नाही रे." हे कशानं?

तलावकाठ

वयानं. साठीनंतर तहानेची जाणीव खरोखर बोथट होते. अंगात पाणी कमी असूनही म्हाताऱ्या माणसाला तरुणाएवढी तहान लागत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. तहानेची वाट बघायची नाही, वेळेवर प्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार नाही ना, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून किती प्यायचं ते ठरवा.

अशोक_चौक

विचारलं, तसं काही नाही. मागाशेजारच्या खिडकीत तांब्या ठेवलाय. थोड्या थोड्या वेळानं अर्धा तांब्या, असं बाबांनी स्वतःच ठरवलं. आज दुपारी मी गेलो तेव्हा तांब्या रिकामा होता आणि ते दुसरा भरायला पोराला हाक मारत होते. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिनचा आकडा इथं टाकतो.